मागच्या माणसाची सायकल

आमच्याकडे सायकल हौसेने आलेली नाही. ती पोटाच्या मागे लागून आली. बांगड्यांची पेटी कॅरिअरला बांधून मणेर खेड्यापाड्यांत हिंडत. फळांच्या पाट्या दोन्ही बाजूंना लटकावून बागवान गावोगावचे बाजार गाठत. बेकरीची पोरे पहाटे खारी-बटरचा पत्र्याचा डबा घेऊन निघत आणि शाळेच्या घंटेआधी परत येत. सायकलीचे पंक्चर काढणारा, सायकल भाड्याने देणारा, चाकाचा आऊट काढणारा मिस्त्रीही बहुतेक आपल्यातलाच असे. त्या काळी सायकल निवडायचा प्रश्नच नव्हता. काळी, उंच, वीसेक किलोंची, पुढे दांडी असलेली एकच जात होती. ती वडिलांकडून मुलाकडे येई. बदल फक्त सीटच्या कव्हरचा.

गडहिंग्लजात आता सायकल पोटासाठी फारशी उरलेली नाही. तिची जागा मोटारसायकलने घेतली. पण गेल्या काही वर्षांत ती मागच्या दाराने पुन्हा घरात शिरली आहे. या वेळी तिला डॉक्टरांनी आणले. साखर, रक्तदाब, गुडघे आणि काळीज या चार गोष्टींनी आमच्या पिढीला पुन्हा सायकलवर बसवले.

आम्ही म्हणजे चार माणसे. थोरले एस. टी.तून निवृत्त झालेले. सत्तरीला टेकले आहेत. सगळे त्यांना भाईजान म्हणतात. दुसरे हायस्कुलात गणित शिकवायचे, ते अजूनही सरच आहेत. तिसऱ्यांचे फळांचे दुकान आहे. त्यांना आम्ही चेष्टेने शेठ म्हणतो आणि ते चेष्टा मनावर घेत नाहीत. चौथा आमच्यात धाकटा, पन्नाशीचा, विजेची कामे करणारा. फजरची नमाज झाली की आम्ही निघतो. कधी संकेश्वरच्या रस्त्याने, कधी आजऱ्याच्या, कधी भडगावचा पूल ओलांडून चिंचेवाडीवरून सामानगडाकडे. चौघे गेलो की चौघेच परत यायचे, हा न लिहिलेला नियम होता.

भाईजानांच्या काळजात दोन स्टेंट बसले आणि नियम अडचणीत आला. डॉक्टरांनी सायकल बंद केली नाही. तीन-चार महिन्यांनी तपासण्या करून उलट चालवाच म्हणाले. पण अट घातली. सायकल चालवताना तोंडातून पुरे वाक्य निघाले पाहिजे. वाक्य तुटायला लागले, धाप शब्द गिळू लागली, की उतरायचे. सपाटीवर भाईजान वाक्य काय, एस. टी.तल्या जमान्याचे किस्से सांगत चालत. चढ आला की किस्सा थांबे. मग ते हात हलवून म्हणत, ‘‘तुम जाव आगे, मैं हल्लू हल्लू आताय.’’

आम्ही पुढे जायचो आणि वर थांबायचो. थांबणाऱ्याला थांबण्याचे काही वाटत नाही. ज्याच्यासाठी थांबतात त्याला वाटते. काही दिवसांनी भाईजानांना सकाळी कामे निघू लागली. एकदा पाहुणे, एकदा गॅसची टाकी, एकदा नुसतीच झोप. शेवटी भाभींनीच सांगितले, ‘‘कामबिम काही नाही. तुम्हाला ताटकळत ठेवायची लाज वाटते त्यांना.’’

विजेच्या सायकलीचा विषय आमच्यात इथून सुरू झाला. वेगासाठी नव्हे.

विषय निघाला आणि चार माणसांची चार मते झाली. भाईजानांचा पुतण्या जर्मनीत असतो. त्याने फोनवर एकामागून एक चित्रे पाठवली. ओर्बिया कंपनीची ‘गेन’ : बारीक चाकांची, रस्त्यावर पळणारी, मोटार मागच्या चाकाच्या मध्यात आणि सुमारे २५० वॅट-तासांची बॅटरी खालच्या नळीत अशी दडवलेली, की साधी सायकलच वाटावी. स्पेशलाइज्डची ‘टर्बो क्रिओ’ : २०१९ साली आलेली, मोटार पायडलापाशी, बॅटरी ३२० वॅट-तासांची, वरच्या प्रतीत वजन बारा-साडेबारा किलो. कॅन्यनची ‘ग्रेल ऑन’ : २०२० ची, बॉशची दणकट मोटार, ५०० वॅट-तासांची बॅटरी आणि पन्नास मिलिमीटर रुंदीचे टायर. पहिली रस्त्याची, शेवटची ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या रस्त्याची, मधली दोन्हींत बसणारी. किमती मात्र तिन्हींच्या लाखांत. शेठ म्हणाले, ‘‘एवढ्या पैशात आमच्या दुकानाचा गाळा रंगवून वर फ्रीजर येईल.’’

सरांना रस्त्याची सायकल हवी होती. हलकी असावी, पुढे झुकून बसावे, हवा कापत जावे. धाकटा खडीच्या सायकलीवर अडून बसला. शेठ म्हणत होते, आपल्या देशातलीच साधी, सरळ हँडलची घ्या. हीरो सायकल्सची लेक्ट्रो आहे, पुण्याची ईमोटोरॅड आहे. पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत काम होते. आणि ज्यांच्यासाठी हे चालले होते ते भाईजान म्हणत होते, मोटारच लावायची तर सायकल कशाला? लूना काय वाईट होती?

भाईजानांचा हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्यामागे एक जुना हिशेब होता : कष्ट आपले असले तर वाटचाल आपली. सायकलीच्या जगातही हाच वाद आहे. २०१६ च्या जानेवारीत बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत फेमके व्हान डेन ड्रीस्शे या तरुण खेळाडूच्या सायकलीत लपवलेली मोटार सापडली. तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ज्या ब्रेव्हे आपल्याकडेही होतात, त्यांच्या नियमांत वाहन कुठल्याही घडणीचे चालते. मात्र ते फक्त माणसाच्या बळावर चालले पाहिजे. तिथे मोटार म्हणजे लबाडी, यात शंका नाही.

पण लबाडी मोटारीत नसते, लपवण्यात असते. पायाला मदत करणारी विजेची सायकल पहिल्यांदा बाजारात आणली ती जपानच्या यामाहाने, १९९३ साली. ती शर्यतीसाठी नव्हती. चढावरच्या वस्त्यांत राहणारी वयस्क माणसे, मुलांना मागे बसवून बाजारहाट करणाऱ्या बाया, यांच्यासाठी होती. पाय जेवढे बळ लावतील त्याहून जास्त बळ मोटारीने लावायचे नाही आणि ताशी चोवीस किलोमीटरला मदत पूर्ण थांबायची, असा त्या वेळचा तिथला नियम होता. म्हणजे निम्मे तुझे, निम्मे माझे. आज नेदरलँड्ससारख्या सायकलींच्या देशात नव्याने विकल्या जाणाऱ्या सायकलींपैकी सुमारे निम्म्या विजेच्या असतात. युरोपातल्या सात शहरांत झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. विजेची सायकल वापरणाऱ्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांइतकाच भरतो, असे त्यात दिसले. कारण साधे आहे. कष्ट कमी पडतात म्हणून माणसे लांब जातात.

सरांनी हे सगळे भाईजानांना समजावून सांगितले. भाईजान एवढेच म्हणाले, ‘‘निम्मे माझे असतील तर बघू.’’

आपल्याकडचा कायदाही याच चालीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सायकलीच्या मदतीची मोटार पाव किलोवॅटच्या आत असेल आणि ताशी पंचवीस किलोमीटरला किंवा पायडल थांबताच तिची मदत बंद होत असेल, तर ते वाहन मोटारवाहन धरले जात नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. ग्राहकाने मात्र एक ध्यानात ठेवावे. दुकानदार ‘कुलूप काढून चाळीसने पळवतो’ म्हणाला, तर ती सायकल कायद्याने सायकल राहत नाही. अपघात झाला तर हे कुलूप आपल्याच गळ्यात पडते.

मग सरांनी वही काढली. गणिताच्या मास्तराचा वाद वहीवरच मिटतो. भाईजान सत्तर किलोंचे. देशी विजेची सायकल वीस किलोंची धरू. एकूण नव्वद. शंभर फुटांत सात फूट चढणारा रस्ता, वेग ताशी आठ किलोमीटर. या चढाला सुमारे १५७ वॅट ताकद लागते. भाईजान न धापता साठ-सत्तर वॅट देऊ शकतात, असे धरले. उरलेले नव्वद वॅट मोटारीने द्यायचे. अडीचशे वॅटच्या मोटारीला ते जड नाही. आता हीच सायकल पाच किलोंनी हलकी, म्हणजे पंधरा किलोंची घेतली तर? हिशेब १४८ वॅटवर येतो. फरक फक्त नऊ वॅटचा.

सरांनी हा आकडा दोनदा काढला, मग पेन्सिल खाली ठेवली. लाखाच्या किमतीत आपण ज्या हलकेपणाचे पैसे मोजणार होतो, तो चढावर नऊ वॅटचा होता आणि ते नऊ वॅटही मोटारच देणार होती. स्पर्धा करणाऱ्याला नऊ वॅट म्हणजे सोने. आमच्या भाईजानांना नव्हे. हलक्या सायकलीचा खरा उपयोग बॅटरी संपल्यावर आहे, हे धाकट्याने लक्षात आणून दिले. तेही खरे, पण आमच्या वडिलांची काळी सायकलही वीसेक किलोंचीच होती आणि ती माल लादून चालत होती.

दुसरा वाद चाकांचा. रस्त्याच्या सायकलीचे टायर साधारण अठ्ठावीस ते बत्तीस मिलिमीटरचे, हवा गच्च. खडीच्या सायकलीचे चाळीस ते पन्नास, हवा निम्मी. सर म्हणायचे, संकेश्वर-बांदा रस्ता आता काँक्रीटचा झाला, रुंद टायर हवेत कशाला? याचे उत्तर पुस्तकात नव्हते, गाळप हंगामात होते. ऊस तोडायला लागला की आमच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर धावतात. ऊस बाजूला फूटभर बाहेर आलेला. त्यातून समोरून ट्रक आला, की सायकलवाल्याने काँक्रीट सोडून साइडपट्टीवर उतरायचे असते. तिथे मुरूम, सुटी खडी आणि मध्ये बोटभर उंचीची कड. बारीक टायर या कडेवरून परत वर घेताना घसरतो. रस्त्यावर चालवायची सायकल असली, तरी तिला रस्त्याखाली उतरता आले पाहिजे. आमच्याकडे ‘रस्त्याची सायकल’ या शब्दाचा अर्थ युरोपातल्यासारखा होत नाही, हे तिथे ठरले.

खडीच्या सायकलीचा जन्मही असल्याच रस्त्यांवरचा. अमेरिकेत कॅन्सस राज्यात शेताशेतांमधून खडी पसरलेले लांबच लांब रस्ते आहेत. तिथल्या एम्पोरिया गावी २००६ साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि तशा शर्यतींतून या सायकलींचे नाव झाले. आपल्याकडे या रस्त्याला ग्रॅव्हल म्हणायची गरज नाही. आपल्याकडे पाणंद आहे. दोन्हीकडे ऊस, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. राज्य सरकारने २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांची वेगळी योजना काढली आणि काही पाणंदींवर मुरूम-खडी पडली. सकाळी ट्रॉल्या टाळून चालवायचे तर अशाच पाणंदी बऱ्या. म्हणून ‘ग्रॅव्हल बाईक’ या शब्दाचे भाषांतर शेठनी एका दमात केले : पाणंदीची सायकल.

तिसरा वाद हँडलचा. रस्त्याच्या आणि खडीच्या, दोन्ही विलायती सायकलींना मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले हँडल असते. पाठ वाकते, वारा कमी लागतो. पण मान वर काढून बघावे लागते. साठी-सत्तरीच्या मानेला हे झेपत नाही. शिवाय हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर असला, तर ब्रेक धरायला तो तिथून हलवावा लागतो. भाईजान कोल्हापुरातल्या दुकानात तशा एका साध्या सायकलीवर बसले आणि दोन मिनिटांत उतरले. म्हणाले, ‘‘सजद्यात जाऊन रस्ता कसा बघायचा?’’ हँडलचा वाद तिथे संपला. सरळ हँडल, रुंद टायर. नाव काही असो, गुण खडीच्या सायकलीचे घ्यायचे, बसणे आपले घ्यायचे.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दुकानात विचारायची राहून जाते. मोटारीला कसे कळते, की माणूस पायडल मारतो आहे? दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत पायडल फिरते की नाही एवढेच बघतात. पाय नुसते फिरले तरी मोटार ठरलेल्या पायरीची मदत देते. दुसऱ्या तऱ्हेत पाय किती जोराने दाबतो ते मोजतात आणि त्या प्रमाणात मदत देतात. पहिली स्वस्त. देशी सायकलींत बहुधा हीच असते. दुसरी महाग.

कोल्हापुरात भाईजानांनी दोन्ही चालवून बघितल्या. दुसरीवर बसून आले तेव्हा म्हणाले, कुणी पाठीवर हात ठेवलाय असे वाटते. पहिलीवर बसून आले तेव्हा म्हणाले, कुणी ढकलतेय असे वाटते. आम्हा तिघांना वाटले, निवड झाली. पण भाईजान एस. टी.त आयुष्य काढलेले, गाडी कशी चढ चढते ते त्यांना आमच्याहून जास्त कळते. ते म्हणाले, ‘‘थकलेला माणूस पाय जोरात दाबत नाही. जी सायकल जोर बघून मदत करते, ती मी थकलो की मदत कमी करणार. मला थकल्यावर पाहिजे.’’ दुकानातल्या पोराने सांगितले, की महाग सायकलीत वरची पायरी लावली तर हलक्या दाबालाही भरपूर मदत मिळते. तेही बरोबर होते. पण किमतीचा फरक आणि भाईजानांचे म्हणणे यांचा तोल स्वस्त तऱ्हेकडे झुकला. फक्त तिच्यात मदतीच्या निदान पाच पायऱ्या असाव्यात आणि ब्रेक दाबताच मोटार बंद व्हावी, एवढे बघून घेतले. पायडल थांबल्यावर क्षणभर मोटार ओढत राहते, ही या तऱ्हेची खोड. ब्रेकपाशी मोटार तोडणारे बटण असल्याशिवाय ती घेऊ नये.

मोटार कुठे असावी, हा प्रश्न आमच्या पंक्चरवाल्या मिस्त्रींनी सोडवला. पायडलापाशी बसवलेली मोटार गिअरांचा फायदा घेते, चढावर उत्तम. पण सगळा जोर चेनवरून जातो, चेन आणि दातऱ्या लवकर झिजतात, आणि ती मोटार उघडायची तर कंपनीची माणसे लागतात. मागच्या चाकातली मोटार साधी. पण मागचे चाक पंक्चर झाले तर? बाभळीचा काटा मोटारीला घाबरत नाही. मिस्त्रींनी फोनवरचे चित्र मोठे करून बघितले आणि विचारले, ‘‘वायरीचा जोड चाकाच्या बाहेर सुटतो का? सुटत असेल तर आणा. नट मोठा आहे, पाना मोठा घेऊ.’’ आमच्यासाठी कंपनीच्या माहितीपत्रापेक्षा हे वाक्य मोलाचे होते. पुण्या-मुंबईतल्या माणसाने सायकल कंपनी बघून घ्यावी. गडहिंग्लजातल्या माणसाने मिस्त्री बघून घ्यावी.

बॅटरी. छत्तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. किलोमीटरला नऊ-दहा वॅट-तास खर्च धरला तर चाळीसेक किलोमीटर. कंपनीच्या कागदावर याहून मोठा आकडा असतो. तो सपाटीचा, हलक्या माणसाचा आणि कमी मदतीचा असतो. एकदा पूर्ण भरायला अर्धे युनिटही लागत नाही, म्हणजे चहाच्या एका कपाएवढाही खर्च नाही. पण बॅटरी काढता आली पाहिजे, हा धाकट्याचा हट्ट होता आणि तो आम्ही सगळ्यांनी मानला. नळीत दडवलेली बॅटरी दिसायला सुंदर, पण भरायला सायकलच घरात न्यावी लागते. भाईजानांचे घर माडीवर आहे. शिवाय पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरी तेवढी उचलून दुकानात नेता येते. धाकट्याने आणखी तीन गोष्टी बजावल्या. चार्जर सायकलीचाच वापरायचा. रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंगला लावून ठेवायचे नाही. आणि पुराचे पाणी रस्त्यावर असेल तर सायकल त्यात घालायची नाही, चाकातली मोटार म्हणजे पाणबुडी नव्हे. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

ब्रेकबद्दल चर्चा झालीच नाही. सामानगडावर चढण्यात मोटार मदत करते, उतरताना करत नाही. उतारावर नव्वद किलो आणि वेग. डिस्कब्रेक हवेतच, दोन्ही चाकांना.

राहता राहिला पैसा. पुतण्या म्हणाला, मी पाठवतो. भाईजान नाही म्हणाले. मुलीने पुण्याहून तसेच विचारले, तिलाही नाही. म्हणाले, मुलांकडून औषधाला घेईन, खेळण्याला नाही. इथे गाडे अडले. मग शेठनी भिशीचा विषय काढला. आमची दहा जणांची भिशी आहे. आम्ही चौघे तिच्यात आहोत. त्या महिन्याचा नंबर सरांचा होता. सरांना स्वतःला रस्त्याची हलकी सायकल घ्यायची होती, त्यासाठीच त्यांनी तो नंबर मागून घेतला होता. त्यांनी तो भाईजानांशी बदलला. भाईजानांचा नंबर सात महिन्यांनी होता. भिशीत नंबर बदलणे म्हणजे उपकार नव्हे. हप्ते ज्याचे त्यानेच भरायचे असतात. म्हणूनच भाईजानांना ते घेता आले. मदत अशी असावी, की घेणाऱ्याचे निम्मे त्यात राहावे. सायकलीच्या मोटारीबद्दल जे ठरले तेच पैशाबद्दलही ठरले.

सायकल आली ती देशी. मागच्या चाकात मोटार, सात गिअर, सरळ हँडल, काढता येणारी बॅटरी. जाड गोट्यांचे टायर मिस्त्रींनी बदलून कमी खरबरीत, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे बसवले, कारण गोट्यांचे टायर काँक्रीटवर बॅटरी खातात. विलायती मासिकातला माणूस तिला खडीची म्हणणार नाही, रस्त्याचीही म्हणणार नाही. आम्ही तिला पाणंदीची म्हणतो.

भाईजान चढाच्या पायथ्याशी बटण दाबून तिसऱ्या पायरीवर जातात, सपाटी आली की बंद करतात. ते बंद करणे त्यांनी स्वतःवर घालून घेतले आहे. चढावर त्यांचे वाक्य तुटत नाही. तुटते ते आमचे. आमचा सगळ्यांत पुढचा माणूस सर, तेही आता दम खायला थांबतात आणि भाईजान वर जाऊन वाट बघतात. वाट बघणाऱ्याला काही वाटत नाही, हे त्यांना आता कळले असेल. रमजानमध्ये आम्ही सकाळची सायकल बंद ठेवतो. एरवी भाईजानांना सकाळी कामे निघालेली नाहीत.

सामानगडाची वाट पुन्हा सुरू झाली. १८४४ चे गडकऱ्यांचे बंड जिथून पेटले तो हा गड. इंग्रजांच्या फौजेने तोफा लावून तो घेतला. तिथवर आम्ही जातो ते तटावर बसून चहाचा थर्मास उघडायला. पुढचा बेत मोठा आहे. आमच्या गावाच्या कडेने वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथवर पन्नास-साठ किलोमीटर. एका बॅटरीत ते होत नाही. सरांनी वहीत मांडले आहे : सपाटीवर मोटार बंद, आजऱ्याला शेठच्या सासुरवाडीत दोन तास थांबायचे, दोन अँपिअरचा चार्जर तेवढ्यात चार अँपिअर-तास भरतो, म्हणजे आणखी पंधरा-सोळा किलोमीटर. मुक्काम आंबोलीला, परत दुसऱ्या दिवशी. पावसाळा उलटल्यावर जायचे, कारण आंबोलीचा पाऊस बॅटरीला सोसणारा नाही आणि आम्हालाही नाही.

आता लोक आम्हाला विचारतात, कुठली घ्यावी? आम्ही मॉडेलचे नाव सांगत नाही. मॉडेल दर वर्षी बदलते. आम्ही उलट विचारतो : तुमच्याबरोबर कोण चालवते? त्यांच्यात मागे कोण राहते? त्याची मान कशी आहे, गुडघा कसा आहे, घर कितव्या मजल्यावर आहे, पंक्चर कोण काढणार? ही उत्तरे घेऊन दुकानात जा. पुढे जाणाऱ्याला कुठलीही सायकल पुरते.

सरांचा भिशीचा नंबर येत्या महिन्यात आहे. त्यांनी अजून रस्त्याच्या हलक्या सायकलीचा नाद सोडलेला नाही. मोटारीविना, बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची. भाईजान त्यांना रोज सांगतात, ‘‘सर, साइडपट्टीचं काय करणार?’’ सर म्हणतात, ‘‘उतरून उभा राहीन. तुम्ही व्हा पुढे.’’